गारठ्यात नितळ राहणारं तेल

३ नोव्हेंबर, सोमवार

माझ्या मुलाला, राजेशला, त्याच्या विमा कंपनीने जानेवारीत दिलेली ही डायरी टीव्हीखाली धूळ खात पडली होती. आज उघडली, कारण आजपासून मी, दत्ताराम परब, वय चौसष्ट, परत कामावर. चौदा वर्षं सोसायटीचा पंप चालू-बंद केला, तेवढं पुरे झालं.

काम काय ते लिहिताना मात्र हात अडतो. माझी सून ऋतिका औषधं बनवायचं शिकलेली. अंधेरीतली चांगली नोकरी सोडून तिने भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा घेतलाय. तिथे आम्ही भांगेच्या पानांचा अर्क काढणार आणि तिळाच्या तेलात मिसळणार. आयुर्वेदात त्या पानाला विजया म्हणतात. सरकारचा परवाना आहे, पान सीलबंद पोत्यांतून येतं, स्पिरिटच्या थेंबाथेंबाची नोंद ठेवायची. सगळं कायद्याने. पण आमच्या कन्नमवार नगरात हे कोणाला समजावणार? तळमजल्यावरचा महादू सकाळी सकाळी ओरडला, "काय रे दत्ताराम, म्हातारपणी गांजाची भट्टी लावलीस म्हणे?" अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. मेल्याला दुसरा उद्योग नाही.

घरात बायको, रत्नप्रभा, आहेच. म्हणाली, "थय बसून फुकू नकात म्हणजे झाला."

गाळ्याच्या दारात नारळ ठेवून मी गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या तुज्या लेकरांनी जा काय काम हातात घेतलेला आसा, ता तडीक ने रे म्हाराजा!" मागून रत्नप्रभा, राजेश, ऋतिका, सगळे "व्हय म्हाराजा!" शेजारच्या गाळ्यातले लेथवालेसुद्धा ओरडले. इथवर झकास. मग रत्नप्रभा उदबत्ती पेटवून आत निघाली आणि मी तिचा हातच धरला. आत स्पिरिटचे कॅन! "देव भायर, उदबत्ती भायर," म्हटलं. ती चिडली ती चिडलीच. घरी येईपर्यंत बोलली नाही.

डायरी स्वयंपाकघरातल्या माळ्यावर ठेवणार, जुन्या कुकरच्या मागे. रत्नप्रभेचे गुडघे दुखतात, स्टुलावर चढायचं ती नाव काढत नाही. याहून सुरक्षित जागा घरात दुसरी नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

ऋतिकाने आज सगळं समजावलं. पान जाडसर कुटायचं, थंड स्पिरिटमध्ये भिजवायचं, गाळायचं. स्पिरिट पानातलं औषध उचलतं. पण ते काय एकटं औषधच उचलणार? पानावर मेणाचा थर असतो, तोही बरोबर येतो. म्हणून ते सगळं गार करायचं. गार झालं की मेण गोठून वेगळं होतं, ते परत गाळून काढायचं. शेवटी फिरत्या काचेच्या चंबूत, कोमट पाण्यावर, पंपाने हवा ओढून स्पिरिट उडवायचं आणि दुसऱ्या बाजूला परत पकडायचं. चंबूत उरतो तो अर्क, दाट आणि काळपट हिरवा.

मी म्हटलं, "म्हणजे आमचं मेण बसवणं." विक्रोळीच्या कारखान्यात केसांच्या तेलाचं मेण अठ्ठावीस वर्षं मीच बसवत होतो. तो कारखाना पाडून आता तिथे टॉवर उभा आहे.

ती लगेच म्हणाली, "बाबा, तुम्ही जे जे करता ते वहीत लिहा ना. अगदी बारीकसारीक." म्हाताऱ्याला कामात गुंतवून ठेवायचं, दुसरं काय! मला कळत नाही होय? दयेपोटी ठेवलंय मला. माझे जुने अनुभवाचे दाखले घेऊन ती परवान्याच्या ऑफिसात तीनदा जाऊन आली, ते कशाला, देव जाणे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

पानाची धूळ नाकात जाते. डब्यात सलग चौथ्या दिवशी भेंडी. सुकटाची किसमूर खाऊन महिना झाला असेल. पण बोलायची सोय नाही, उदबत्तीचा राग अजून आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

डब्यात किसमूर! योगायोग म्हणतात तो हा. डायरीच्या पानाला पिवळा डाग लागलाय, हळदीचा. माझीच बोटं असणार. हल्ली मला नीट हात धुवायचंही भान राहत नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

पहिला माल तयार! तिळाच्या तेलात अर्क घातला आणि बाटली उजेडात धरली. मधासारखी, आरपार. ऋतिका चक्क नाचली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ही पहिलीच ऑर्डर आहे, नाशिकच्या एका औषधवाल्यांची. माल त्यांना पसंत पडला तर गाळा चालणार, नाही पडला तर त्यांच्याकडे दुसरे दोघं रांगेत उभे आहेत. मग गाळ्याला कुलूप आणि हिला परत अंधेरी. मंगळवारी त्यांची गाडी येणार. मालाच्या वहीत "तपासलं" असं लिहून सही करायची आहे आणि ती माझी, असं ती म्हणाली.

सहीचं ऐकून मी पेन खिशातच ठेवलं. उद्या करतो म्हटलं. जुनी सवय म्हणून एक छोटी बाटली घरी आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली. शेजारी नुसत्या तिळाच्या तेलाची दुसरी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

वाट लागली.

सकाळी फ्रिज उघडला. नुसतं तिळाचं तेल स्वच्छ. आमची बाटली गढूळ, पेजेसारखी. मेण निघालंच नाही. मुंबईच्या उकाड्यात ते विरघळून लपून बसलं होतं, एवढंच.

बाटली घेऊन तसाच गाळ्यावर गेलो. ऋतिकाने ती उजेडात धरली. मग म्हणाली, "बाबा, बाहेर ठेवल्यावर ते साफ होतं ना?"

"होतं."

"ऑर्डरमध्ये तेवढंच लिहिलंय. साध्या तापमानाला स्वच्छ. मंगळवारी गाडी येतेय. ती परत पाठवली तर काम हातचं जाईल."

"मी सही करणार नाही."

"अहो बाबा, पण का?"

का ते मला सांगता येईना. ती थकलेल्या आवाजात म्हणाली, "ठीक आहे. मी करते सही."

बसने घरी आलो आणि खिडकीशी बसून राहिलो. रत्नप्रभेने तीनदा विचारलं, काय झालं. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

जे कधी कोणाला सांगितलं नाही ते आज इथे लिहितो. लिहिलं नाही तर छाती फुटेल.

डिसेंबर २०११. कारखान्यात ऑर्डरची घाई होती. मेण बसायला दोन दिवस लागतात, साहेबांनी एका दिवसात माल गाळायला लावला. मी म्हटलं, कच्चा आहे. साहेबांनी नमुन्याची बाटली गरम पाण्याच्या बादलीत धरली, रुमालाने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. "बघ परब, स्वच्छ आहे की नाही?" स्वच्छ होतीच. मला कळत होतं ती का स्वच्छ आहे. तरी मी सही केली. भ्यालो, दुसरं काय!

माल उत्तरेत गेला. तिकडच्या थंडीत बाटल्या दह्यासारख्या झाल्या, ट्रकच्या ट्रक परत आले. चौकशीत साहेबांनी वही उघडून माझ्या सहीवर बोट ठेवलं. सही माझीच होती. माझ्या हाताखालची पोरं खाली मान घालून उभी होती, ते मला अजून दिसतं. दोन महिन्यांत राजीनामा दिला. घरी सांगितलं, कंटाळलो. रत्नप्रभेने तेव्हा विचारलं होतं, "खरा सांगतास?" मी हो म्हटलं. चौदा वर्षं तेच सांगत आलोय. कारखाना पाडला तेव्हा सगळे जुने लोक बघायला गेले, मी गेलो नाही. लाज वाटली.

आता ऋतिकाची सही त्या जागी पडणार. पोर गुणी आहे. तिला सांगायला हवं. पण सासऱ्याने सुनेला हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज सगळंच विचित्र.

सकाळी उठतो तर रत्नप्रभेने घावणे केलेले. सोमवारी! वर नारळाचा रस. मी खात होतो आणि ही समोर बसून माझ्याकडे बघत होती. मग उठली, माझ्या डोक्यावर तेल घातलं आणि कितीतरी वेळ चोळत बसली. "काय गो, झाला काय तुका?" विचारलं, तर म्हणाली, "काय नाय. गप ऱ्हवा." आवाज जड होता. सर्दी झाली असणार.

गाळ्यावर गेलो तर ऋतिका दारातच उभी. म्हणाली, "बाबा, नाशिकला फोन केला. गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. माल थंडीत गढूळ होतोय हेही सांगितलं. त्यांनी आठ दिवस दिलेत."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"आणि वहीवर सही तुमचीच. तुमचं मन भरल्याशिवाय करायची नाही. मी मागितली तरी नाही. कोणीही मागितली तरी नाही."

हे हिला कसं सुचलं? मी एक अक्षर बोललो नव्हतो! देवच तिच्या तोंडून बोलला म्हणायचं. मी नाक शिंकरायच्या निमित्ताने बाहेर गेलो, लेथवाल्याकडे जाऊन पाणी प्यायलो आणि मग कामाला लागलो.

जाता जाता: माळ्यावर पाइप गळतोय बहुतेक. डायरीच्या कालच्या पानावर पाण्याचे थेंब पडून शाई फुटलीय. प्लंबरला सांगायला हवं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तेलातला माल बाजूला ठेवलाय, तो जाणार नाही. अर्धा अर्क राखून ठेवला होता, ऋतिकाची ही एक हुशारी. तो पुन्हा स्पिरिटमध्ये विरघळवला. मागच्या वेळी ही बाई तो थेट डीप फ्रीजरमध्ये कोंबून मोकळी झाली होती. मी म्हटलं, मेणाला धाक दाखवून चालत नाही. एकदम गार केलं की कण बारीक राहतात आणि गाळताना निसटतात. हळूहळू गार करा, म्हणजे मोठे होतात. आधी गाळ्यातल्या छोट्या एसी खोलीत, मग साध्या फ्रिजमध्ये, मग फ्रीजरमध्ये. दीड दिवस कोणी हात लावायचा नाही.

तिने सगळं लिहून घेतलं. "बाबा, हे कुठल्या पुस्तकात नाही हो असं." खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी भांडं काढलं. काय सुंदर मेण बसलं होतं! पांढुरका पापुद्रा, तळाला. गाळायला घेतलं. पहिला लोटा काचेसारखा, दुसराही ठीक. तिसऱ्यापासून परत गढूळ.

ऋतिका स्टुलावर मटकन बसली. "आता काय चुकलं, बाबा?"

मला सांगता येईना. कारखान्यात चुकलं नसतं एवढंच माहीत. पण कारखान्यात वेगळं काय होतं, तेच आठवेना. मी तिच्यावरच ओरडलो. तीही ओरडली. लेथवाल्याने डोकावून बघितलं. मी डोकावणाऱ्यावर ओरडलो. आज माझा दिवस नव्हता.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सापडलं! आणि सापडलं कुठे, तर मासळी बाजारात.

सकाळी रत्नप्रभेने बांगडे आणायला पिटाळलं. आमची सोनूबाई ठाण्याच्या कोळीवाड्यातून येते, वीस वर्षं तिच्याचकडून मासे घेतो. ती बर्फाचा चुरा करून त्यात मुठीमुठीने जाडं मीठ टाकत होती. मी विचारलं, मासे खारवतेस काय? ती हसली. "बाबा, मासं पिशवीत हाय. ह्यो मीठ बर्फाला. नुसत्या बर्फात काय दम हाय? मिठान् त्यो जास्ती गार व्हतो. आन टोपलीला पन बर्फ लावायचा. टोपली गरम आसली तर बर्फ घालून काय उपेग?"

टोपली गरम असली तर!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कारखान्यात गाळायचं यंत्रसुद्धा थंड खोलीत असायचं, स्वेटर घालून आत जायचो आम्ही. आणि गाळ्यात? भांडं फ्रीजरमधलं, पण गाळणी तेहतीस डिग्रीतली! गार माल गरम गाळणीवर पडतो, मेण वितळून खाली उतरतं आणि गार मालात परत गोठतं. अठ्ठावीस वर्षं स्वेटर घातला आणि तो का घालतोय ते विसरलो. अक्कल गहाण ठेवली होती माझी.

बांगडे तिथेच विसरून ऋतिकाला फोन लावला, म्हटलं, माल परत तसाच हळूहळू गार करायला ठेवा. सोनूबाईला सांगितलं, उद्या मला चार लाद्या स्वच्छ बर्फ हवा, मासळीला न लागलेला. तिने विचारलं, "कशाला?" मी खरं सांगून टाकलं. भांगेचं तेल, औषधाला. ती म्हणाली, "औषधाला ना? मग मी सवता घेऊन येते."

२२ नोव्हेंबर, शनिवार

सोनूबाई टेम्पोतून बर्फ घेऊन गाळ्यावर हजर. ऋतिकाने बर्फाचा वास घेऊन बघितला, तेव्हा सोनूबाई म्हणाली, "हुंग बाय, हुंग. फॅक्टरीतून सरळ आणलाय, म्हावऱ्याची सावली पन नाय पडली त्याच्यावर."

स्टीलची गाळणी झाकणासकट मोठ्या टबात उतरवली. भोवती बर्फ आणि जाडं मीठ, थरावर थर. थर कसा द्यायचा ते सोनूबाईने दाखवलं, मी आणि ऋतिकाने दिला. गाळणीला बाहेरून दव आलं, मग पांढरं हिव जमलं, तेव्हाच माल ओतला. पहिला लोटा काचेसारखा. दुसरा, तिसरा, सातवा, शेवटचा. एकसुद्धा गढूळ नाही! गाळणी उघडली तर आत मेणाची जाड पोळी बसलेली. ऋतिकाने ती सुरीने उचलून मला दाखवली, म्हणाली, "बाबा, हे बघा, चोर सापडला."

संध्याकाळपर्यंत स्पिरिट उडवलं, अर्क तेलात घातला. ऋतिका बाटली उजेडात धरायला गेली. मी म्हटलं, उजेडात बघून भुलायचं नाही. फ्रिजमध्ये ठेवा.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रत्नप्रभा माझ्याआधी फ्रिजपाशी उभी. या बाईला तेलात कधीपासून एवढा रस? दोघांनी मिळून दार उघडलं.

नितळ! आरपार! बाटलीपलीकडून तिचं नाक दिसत होतं. ती "अगो बाय माझे!" म्हणून ओरडली आणि राजेश झोपेतून उठून धावत आला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नाशिकहून माधुरी मॅडम आल्या. त्यांचं काम माल तपासायचं. कमी बोलणाऱ्या. स्वतःची बर्फाची पेटी घेऊनच आल्या होत्या. आमच्या तीन बाटल्या मधूनमधून स्वतः निवडल्या, पेटीत ठेवल्या आणि पाच तास समोर खुर्ची टाकून बसल्या. चहासुद्धा एकदाच. मी गाळ्यात शंभर फेऱ्या मारल्या असतील.

चार वाजता पेटी उघडली. बाटल्या पुसल्या, काळा कागद मागे धरून बघितल्या. आणि हसल्या. "इतकं साफ मी अजून कोणाकडे बघितलं नाही. मागचा माल तुम्ही आपणहून अडवलात ना? तेव्हाच मी साहेबांना म्हटलं, थांबूया यांच्यासाठी. तपासलं कोणी हे?"

ऋतिकाने वही माझ्यापुढे सरकवली. पानावर वर छापलेलं होतं: उत्पादन प्रमुख, श्री. दत्ताराम परब. परवान्याच्या कागदावरही तेच आहे म्हणे, पहिल्या दिवसापासून. माझ्या दाखल्यांवरच परवाना मिळाला. मला कोणी सांगायचं तरी! मी दयेवर आहे असं धरून चाललो होतो.

एक बाटली परत उचलली. थंडगार होती, बोटं बधिर झाली. नितळ. मग सही केली. पूर्ण नाव, ठळक, खाली तारीख. चौदा वर्षांत एवढी सुंदर सही झाली नव्हती.

गाडी निघताना गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, जसा आज केलस, तसाच पुढे कर! आणि कोणाची सही कधी खोटी पडूं देव नको रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" ऋतिका, राजेश, रत्नप्रभा, लेथवाले. सोनूबाई सगळ्यांत मोठ्याने. माधुरी मॅडमसुद्धा गाडीतून म्हणाल्या.

घरी येताना जिन्यात महादू भेटला. "काय रे, भट्टी कशी चाललीय?" मी म्हटलं, "झकास! माझ्या सहीने माल जातो."

२६ नोव्हेंबर, बुधवार

एक राहिलं. रत्नप्रभेला सांगावंसं वाटतं की चौदा वर्षं खोटं बोललो, माफ कर. आणि त्या चौदा वर्षांत तू मला एकदाही टोचलं नाहीस, कारखान्याचं नाव काढलं नाहीस, बाजारात मला मान ठेवूनच हाक मारलीस. तू होतीस म्हणून उभा राहिलो. एखादा गजरा आणून हे बोलावं. पण तोंडातून निघणार नाही, माहीत आहे मला. म्हणून इथे लिहितो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रत्नप्रभेने आज स्वतःच गजरा आणून माळलाय. मोगऱ्याचा. विचारलं, काय विशेष? म्हणाली, "कोणीतरी आणूक होयो, म्हणान वाट बघीत बसू काय?" आणि हसत सुटली. उदबत्तीचा राग गेला एकदाचा.

डायरीवर परत पाणी. या वेळी "माफ कर"च्या वरच. शेवटी प्लंबरला बोलावला. तो माळ्यावर टॉर्च मारून उतरला आणि म्हणाला, "काका, वर पाइपच नाही."

मग पाणी येतं कुठून? रत्नप्रभेला विचारलं. ती गजरा सारखा करत म्हणाली, "माका काय ठावक? माजे गुडघे दुखतत."

खरं आहे. ती बिचारी स्टुलावर चढणार कशी?